सात देशांची बैठक आणि एक ठरलेलं लग्न

माझ्या मोठ्या नातीने तिच्या कॉलेजातला एक निबंध मागच्या महिन्यात मला पाठवला. बड्या सत्तांच्या चढाओढीत शेजारी देशांचे गट स्वतःला कसे सांभाळतात, असा विषय. निबंध चांगला आहे. आग्नेय आशियातल्या देशांबद्दल तिने जे लिहिलं आहे ते मला विशेष आवडलं. अमेरिका, चीन, रशिया, जपान सगळ्यांना आपल्या बैठकीला बोलवायचं, एकमेकांसमोर बसवायचं, पण यजमानपण आपल्याकडे ठेवायचं, ही त्यांची रीत तिने नीट मांडली आहे. शेवटच्या पानावर मात्र आपल्या भागाचा निकाल तिने एका वाक्यात लावून टाकला. दक्षिण आशियातल्या देशांची संघटना सुरक्षेच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण दोन देशांमधला वाद तिथे मांडायलाच मनाई आहे.

ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, २००२ सालच्या जानेवारीत महाडच्या आपल्या घरी बसून मी एका माणसाला ऐकवलं होतं. त्यामुळे एक ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आलं. ती हकिकत तुम्हा दोघा नातवंडांना कधी सांगितली नव्हती, ती आता लिहिते. इंग्रजीत लिहिली असती तर तुम्हाला वाचायला सोपी गेली असती, पण त्यातल्या माणसांचं बोलणं मला इंग्रजीत उतरवता येणार नाही. अडलं तर आईला विचारा.

तेव्हा मी हायस्कुलात इंग्रजी आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शाळेत एक शिपाईबाई होत्या. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणायची, मीही म्हणायची, जरी आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं. त्यांचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सोंडेवरची एक वाडी. नवरा लवकर गेला. आठवडाभर त्या महाडला एका खोलीत राहत आणि शनिवारची अर्धी शाळा सुटली की एसटीने पोलादपूर, तिथून जीपने पायथा आणि मग पायी वर, अशा घरी जात. त्यांचा एकच मुलगा फौजेत होता. आपल्याकडच्या डोंगरात त्याचं काही नवल नाही. घरातला एक जण मुंबईत आणि एक जण फौजेत, अशी कितीतरी घरं आहेत.

मावशींकडे फोन नव्हता, म्हणून मुलाला आपल्या घरचा नंबर दिलेला होता. महिन्यातून दोन रविवार सकाळी दहाच्या सुमारास त्याचा फोन येई. त्या रविवारी मावशी वाडीवर न जाता नऊपासूनच आपल्या ओटीवर येऊन बसत. फोन वाजला की आधी पदर सारखा करत आणि मग रिसीव्हर उचलत.

दिवाळीनंतर त्या मुलाची सुपारी फुटली. मुलगी त्याच भागातल्या दुसऱ्या वाडीवरची. तिचा बाप मुंबईत गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर गावी परतला होता. लग्न वैशाखात, असं ठरलं. आणि डिसेंबरात दिल्लीला संसदेवर हल्ला झाला. सैन्य सरहद्दीकडे निघालं, सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. मावशींच्या मुलाची पलटण राजस्थानकडे गेली, एवढंच कळलं. कुठे, ते त्याला सांगता येत नव्हतं.

मला वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवायची सवय होती, हे तुम्हाला माहीत आहे. एक मराठी पेपर, एक मुंबईहून दुपारी येणारा इंग्रजी, आणि लंडनचा रेडिओ. तुमचे आजोबा माझ्या फायलींच्या कपाटाला परराष्ट्र खातं म्हणत. "परराष्ट्र खात्याला आज आमटीत मीठ घालायला वेळ झाला नाही वाटतं," असं त्यांचं चाले.

जानेवारीच्या सुरुवातीला काठमांडूला त्याच संघटनेची, सात देशांची बैठक झाली. तेव्हा सातच होते. दोन वर्षं लांबत आलेली ती बैठक होती. तिथे पाकिस्तानचे अध्यक्ष आपलं भाषण संपवून सरळ आपल्या पंतप्रधानांपाशी चालत गेले आणि हात पुढे केला. आपल्या पंतप्रधानांनी उठून तो हातात घेतला. फोटो सगळ्या पेपरांत होता.

त्यानंतरच्या रविवारी मुलीचे वडील आपल्याकडे आले. मी त्यांना एकदाच, सुपारीच्या दिवशी पाहिलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून काखेत धरलेलं होतं. चहा घेतला, बशी बाजूला सारली आणि कॅलेंडर टेबलावर उलगडलं. वैशाखातल्या एका तारखेभोवती लाल गोल होता.

"बाई, तुमी इंग्लिश पेपर वाचता," ते म्हणाले. "आमच्या तिकडं सगळे बोलतात, बाईंना आदी कळतं. मला सिधा बोला. वॉर होनार का नाय?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

"हात मिळवला ना त्यांनी? फोटो हाय पेपरात."

इथे मी थांबायला हवं होतं. पण तीस वर्षं शिकवत आलेलं माणूस प्रश्न समोर आला की पूर्ण गुणांचं उत्तर देतं. मी त्यांना सांगितलं की हात मिळवल्याने सैन्य मागे जात नाही. या संघटनेच्या नियमांतच लिहिलं आहे की दोन देशांमधले वाद तिथे चर्चेला घ्यायचे नाहीत. व्यापार, शेती, आरोग्य, एवढंच. त्यातून अमेरिकेचं सैन्य अफगाणिस्तानात, तिला पाकिस्तान हवा, चीनला पाकिस्तान हवा, रशिया आपल्याकडे. म्हणजे खरं काय ते बाहेरचे ठरवणार.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे ज्याच्यावरनं भांडान हाय, तो विषयच नाय काढायचा?"

"नाही."

"मंग जमतात कशाला?"

"तोच तर प्रश्न आहे," मी म्हणाले. मला माझं ते उत्तर त्या वेळी आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्यांनी कॅलेंडर पुन्हा गुंडाळलं. "मंग वैशाख नाय," म्हणाले. "पोरगी एकुलती हाय, बाई. लग्न लावून चार दिवसांत पांढरं कपाळ घेऊन घरात आली तर मी कुनाला बोलू?" आणि निघून गेले.

आजोबा आतून सगळं ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी कपबशा उचलल्या आणि म्हणाले, "परराष्ट्र खात्याने आज पहिल्यांदाच काहीतरी ठरवलं. एक लग्न मोडलं." मी रागावले. पण ते थट्टा करत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आठवड्याभरात बातमी खाली आली. मुलीचे वडील वैशाखाला नाही म्हणताहेत, आणि बिरवाडीच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाचं स्थळ त्यांनी पाहायला सुरुवात केली आहे. कारण विचारलं तर सांगतात, महाडच्या बाईंनी सांगितलं, बैठकीचा काही उपयोग नाही.

मावशी मला काहीच बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा आणत, सगळ्यांपुढे ठेवत, माझ्यापुढेही ठेवत. पण पूर्वी माझ्याशी दोन वाक्यं बोलल्याशिवाय त्या जात नसत, ते थांबलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर मीच त्यांना अडवलं.

"मावशी, माझं चुकलं. मी असं बोलायला नको होतं."

"खोटं बोललात का?"

"नाही. खरंच बोलले."

"मंग चुकलं कुठं?" त्या फळा पुसायचं फडकं झटकत म्हणाल्या. मग वळल्या. "मला एक सांगा. तो पाकिस्तानवाला तितं गेला कसा? इमानानं?"

मी सांगितलं की आपल्या हद्दीवरून त्यांच्या विमानांना बंदी होती, म्हणून तो चीनच्या बाजूने लांबून आला.

मावशी फडकं हातात धरून उभ्या राहिल्या. "एवढा वळसा घालून आला?"

"हो."

"मंग त्याला यायचंच होतं," त्या म्हणाल्या. "आनि तुमी सांगता, तितं भांडनाचा इषय काढत नाय म्हनून ती बैठक फुकट. आमच्या गावकीत पन काढत नाय, बाई. बांधाचा नाय, वाटनीचा नाय, सोयरिकीचा नाय. तुमी शिमग्याला या वर. बसून बघा. मंग सांगा फुकट हाय का."

मी गेले. त्या वर्षी होळी मार्चच्या अखेरीस होती. आजोबांनी "परराष्ट्र खातं दौऱ्यावर" असं जाहीर केलं आणि स्वतःही बरोबर आले. पोलादपूरहून जीप, पुढे तासभर चढण. आजोबा तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा देखावा बघायला थांबलो असं म्हणाले.

त्या भागातल्या पाच वाड्यांची मिळून एक पालखी आहे. पालखी आधी कुठल्या वाडीत जायची, कोण खांदा देणार, देवळाचं काय करायचं, हे ठरवायला होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही वाड्यांची गावकी देवळाच्या मंडपात बसते. घरटी एक पुरुष. बायका बाजूच्या पडवीत. मला बाई म्हणून पडवीत आणि बाईसाहेब म्हणून खुर्चीवर बसवलं, त्यामुळे सगळं दिसत होतं.

एक म्हातारे मानकरी होते. कोण कुठे बसेल ते तेच सांगत. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मावशींनी कानात सांगितलं की ज्यांचं वर्षभरात एकमेकांशी बिनसलं आहे त्यांना मानकरी मुद्दाम शेजारी बसवतात. दोन चुलतभाऊ बांधावरून कोर्टात गेले होते, ते मांडीला मांडी लावून बसलेले. आणि मावशींच्या घराच्या वतीने बसलेल्या त्यांच्या दिराशेजारी मुलीचे वडील.

पोलादपूरहून दोन पुढाऱ्यांची माणसं आली होती. दोघांचे पक्ष वेगळे, जीपही वेगळ्या. एकाने देवळाच्या छपरासाठी पत्रे देऊ केले होते, दुसऱ्याने नळाची लाइन. दोघांनाही आपल्या नावाने ठराव हवा होता. मानकऱ्यांनी दोघांना दाराच्या दोन बाजूंना बसवलं आणि सगळ्यांच्या आधी चहा दिला. "पाव्हनं हायती," म्हणाले. "पाव्हन्यांनी आरामात बसावं." पण गावकीत त्यांना तबक नव्हतं.

तबक म्हणजे पितळेचं, पानसुपारीचं. सभा त्याने सुरू होते. मानकरी आधी सुपारी उचलतात आणि तबक शेजारच्याच्या हातात देतात. त्याने सुपारी घ्यायची, पुढच्याकडे वळून "घ्या" म्हणायचं आणि तबक त्याच्या हातात द्यायचं. जमिनीवर ठेवायचं नाही, एक माणूस सोडून पुढे द्यायचं नाही. तबक सगळ्यांच्या हातून फिरून परत येईपर्यंत सभेत कुणी एक शब्द बोलत नाही. अडलं तर अडलं. मावशी म्हणाल्या, एका वर्षी ते ऊन उतरेपर्यंत एकाच माणसाच्या हातात राहिलं होतं आणि सगळे गप्प बसून होते.

चुलतभावांनी तबक चटकन दिलं-घेतलं, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता. मग ते मुलीच्या वडिलांकडे आलं. त्यांनी सुपारी घेतली. तबक हातात धरून बसले. माझ्याजवळ बसलेल्या मावशींनी डोळे मिटून घेतले. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण आजोबा नंतर म्हणाले की चांगली पाच मिनिटं गेली.

एका कोपऱ्यातून एक म्हातारबा म्हणाला, "मुंबईवाल्या, तबक जड झालं काय रं?"

मंडपभर हसू पिकलं. मानकऱ्यांनी त्या म्हाताऱ्याकडे डोळे वटारले, कारण नियम मोडला होता, पण तेही हसत होते. मुलीचे वडील हसले नाहीत. त्यांनी मान वळवली, मावशींच्या दिराकडे बघितलं आणि म्हणाले, "घ्या."

"द्या," दीर म्हणाला.

एवढंच. मग तबक पुढे गेलं आणि सभा सुरू झाली. पत्र्यांवर बोलणं झालं, नळावर झालं. पत्रे एकाकडून आणि नळ दुसऱ्याकडून घ्यायचा आणि ठराव कुणाच्याच नावाने करायचा नाही, असं ठरलं. दोन्ही जीपवाले तोंडं पाडून निघून गेले. पालखीचा क्रम ठरला. लग्नाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. बांधाचंही नाही. सभा संपली, लोक उठले. मग मी पाहिलं, की मुलीचे वडील आणि मावशींचा दीर देवळामागच्या जांभळीखाली उभे राहून विड्या ओढताहेत. एक विडी संपली, दुसरी पेटवली. माणसं त्यांच्या बाजूने फिरकलीसुद्धा नाहीत. एका बाईने तिकडे खेळायला निघालेल्या पोरांना बखोटीला धरून परत आणलं.

थोड्या वेळाने दीर पडवीशी आला. "दिवाळीपर्यंत थांबतो बोलतायत," तो मावशींना म्हणाला. "पोरगी दुसरीकडं देत नाय. दिवाळीनंतर बघू बोलले."

मावशींनी पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सभेत इचारलं असतं तर नाय बोलला असता, बाई. सगळ्यांसमोर कसा हो बोलनार? पन सभा नसती, तर दोघं जांभळीखाली गेले असते का?"

उतरताना आजोबांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी त्यांची पिशवी घेतली.

लग्न वाचलं, पण मुलगा तिकडेच होता. मे महिन्यात सगळं पुन्हा पेटलं. जम्मूकडे फौजी वस्तीवर हल्ला झाला, बायकामुलं मारली गेली. परदेशी वकिलाती आपल्या माणसांना भारत सोडायला सांगू लागल्या. इंग्रजी पेपरात अणुबॉम्ब पडला तर काय होईल याचे नकाशे येत होते. ते पान मी मावशींच्या नजरेस पडणार नाही असं ठेवू लागले. रविवारचे फोन बंद झाले. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. मावशी तरीही नऊला येऊन ओटीवर बसत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्या वाडीवर जाऊ शकत होत्या, पण महाड सोडायला तयार नव्हत्या. दुपारी एक वाजला की "येते" म्हणून उठत. त्या महिन्याभरात त्या किती वाळल्या ते त्यांच्या हातातल्या दोन साध्या बांगड्यांवरून कळायचं. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत जात.

जूनच्या सुरुवातीला मुलीचे वडील पुन्हा आले. या वेळी कॅलेंडर नव्हतं. मावशी ओटीवर होत्याच. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण ते मावशींच्या समोर, खालच्या पायरीवर बसले.

"बाई, आता काय बोलतायत?" त्यांनी विचारलं.

मी कपाटातून त्या दिवशीचा पेपर आणला. कझाकस्तानात आशियातल्या बऱ्याच देशांची एक बैठक होती. आपले पंतप्रधान आणि पाकिस्तानचे अध्यक्ष दोघेही गेले होते. रशिया आणि चीनचे अध्यक्ष तिथेच होते, त्यांनी दोघांना वेगवेगळं गाठून समजावलं होतं. पण हे दोघे एका सभागृहात बसूनही एकमेकांशी बोलले नव्हते. जानेवारीत हात तरी मिळवला होता, या वेळी तेही नाही. फोटोत सगळे गोल टेबलाभोवती बसले होते.

मला नागरिकशास्त्राचं उत्तर येत होतं. ते मी दिलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "बोलले नाहीत एकमेकांशी. पण दोघेही आले होते."

त्यांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. "दोघांच्या मधी किती मानसं हायत?" त्यांनी विचारलं.

मी मोजायचा प्रयत्न केला. फोटो धूसर होता, चेहरे नीट ओळखू येत नव्हते. "दिसत नाही नीट. बरीच असावीत."

"म्हंजे मानकरी कच्चा हाय," ते म्हणाले.

मावशी हसल्या. मे महिन्यापासून पहिल्यांदाच. पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना. मुलीचे वडील उठले, पायरीवरच उभे राहिले. काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "आवो, दिवाळीपर्यंत थांबतो बोललो ना मी. त्याच्या फुडं पन थांबीन. रडताय कशाला?"

त्यानंतरच्या रविवारी फोन आला. लाइन इतकी खरखरत होती की मावशींना फक्त "आई, मी बरा हाय" एवढंच ऐकू आलं. त्यांना तेवढं पुरलं.

दसरा होतो न होतो तोच सरकारने जाहीर केलं की सैन्य सरहद्दीवरून मागे घेणार. रेडिओवर मी ते आधी इंग्रजीत ऐकलं, मग मराठीत, मग खात्री करायला पुन्हा इंग्रजीत. तशीच चपला घालून मावशींच्या खोलीवर गेले. त्या विळीवर भाजी चिरत होत्या. मी सांगितलं. त्यांनी विळी आडवी केली, भाजी झाकून ठेवली, हात धुतले आणि मग विचारलं, "म्हंजे नक्की? परत?"

"नक्की. परत."

आता थोरलीला सांगते: युद्ध कशामुळे टळलं, असं तू विचारलंस तर मला अजूनही सांगता येणार नाही. अमेरिकेचे दूत इकडून तिकडे खेपा घालत होते, त्याचा वाटा मोठा असणार. दोघांकडे अणुबॉम्ब होते, त्या भीतीचाही असेल. सात देशांच्या संघटनेने युद्ध थांबवलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तिच्यात एक घर बाकी सगळ्यांहून मोठं आहे आणि ते आपलंच आहे. धाकट्यांना बोलायची पंचाईत होते, हे तुझ्या निबंधात आहे तेही खरं आहे. पण "निरुपयोगी" हा शब्द मी खोडला आहे. पेन्सिलीने, हलकेच. ज्यांना एकमेकांच्या दारात जाता येत नाही अशा दोघांना कॅलेंडरवरच्या एका तारखेला, तिसऱ्याच्या घरी, यावं लागतं. एक लांबचा वळसा घालून का होईना, येतो. भांडणाचा विषय काढायचा नाही, या नियमामुळेच त्याला येता येतं. पुढे दीड-दोन वर्षांनी असंच झालं. तोच गट पाकिस्तानात भरला, आपले पंतप्रधान त्या निमित्ताने गेले, आणि बैठकीच्या बाहेर दोघांचं बोलणं सुरू झालं. ती कात्रणं मी स्कॅन करून पाठवते, निबंधात घालायची तर घाल.

मुलाला रजा मिळायला डिसेंबर उजाडला. मुंबईहून पॅसेंजरने तो वीर स्टेशनला उतरला आणि रिक्षाने आधी शाळेत आला, आईकडे. उन्हाने इतका काळवंडला होता की फाटकावरच्या गड्याने त्याला ओळखलं नाही. मार्गशीर्षात लग्न लागलं, मुलाच्या दारात, वाडीवर. आम्ही पुन्हा तीच चढण चढलो. आजोबा या वेळी चार ठिकाणी देखावा बघायला थांबले.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. ऊन कलू लागलं होतं. मी मावशींना शोधत घरामागे गेले. तिथे भाताच्या पेंढ्याची रचलेली उडवी होती. तिला टेकून, नवं लुगडं चुरगळत, तोंड किंचित उघडं ठेवून, मावशी गाढ झोपल्या होत्या. अंगणात लाउडस्पीकर दणाणत होता. वर्षभरात त्या धड झोपल्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. उठवावं की नाही, मी विचार करत उभी राहिले.

तेवढ्यात मुलीचे वडील तिथे आले. विहीणबाईंना मानाचं लुगडं द्यायचं राहिलं होतं, ते हातात होतं. त्यांनी मावशींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग लुगडं माझ्या हातात दिलं आणि अंगणाकडे वळून ओरडले, "ए, तो आवाज कमी कर रे! कमी कर बोलतो ना!"

कुणीतरी विचारलं, "का वो? काय झालं?"

"काय नाय झालं," ते म्हणाले. "झोपल्यात त्या."